शहाजीराजांचे बंगळूर आणि थरांचे प्रमाण

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास एक खोड लागते. नव्या गावी सामान उतरून होते न होते तोच तो आपल्या माणसांच्या जुन्या खुणा शोधू लागतो. कोठे एखादे विठ्ठलमंदिर, कोठे एखाद्या चौकाचे ओळखीचे नाव, कोठे रानात पडलेली समाधी. एवढे सापडले की परके गाव निम्मे आपले वाटू लागते. बंगळूरास नेमणूक झालेल्या मराठी अधिकाऱ्यास तर हा शोध फार लांबवर करावा लागत नाही. हे शहर शहाजीराजांची जहागीर होते. बाल शिवाजीराजे १६४० ते १६४२ च्या सुमारास येथे राहून गेले. आणि येथूनच एकोजीराजे तंजावरास गेले. एवढे ठाऊक झाले की गृहस्थाची मान आपोआप ताठ होते. या खोडीत वावगे काही नाही. परंतु तिच्यापायी आमच्या मंडळाच्या हातून नुकतीच एक चूक होता होता राहिली. ती चूक संगणकावर झाली, पण तिचे मूळ संगणकात नव्हते. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मंडळाच्या वार्षिक उत्सवासाठी ‘शहाजीराजांचे बंगळूर’ या नावाचा दहा फूट लांबीचा एक चित्रफलक करावयाचे ठरले. काम एका तरुण सभासदाने आपणहून अंगावर घेतले. १७९१ च्या वेढ्याच्या वेळी इंग्रज अधिकाऱ्यांनी काढलेला किल्ल्याचा व पेठेचा आराखडा त्याने मिळविला, आजच्या शहराचा नकाशा घेतला, आणि संगणकावर एकावर एक असे दोन्ही बसविले. पहिला नमुना आला तेव्हा आम्ही सारेच हरखून गेलो. जुनी तटबंदी आजच्या रस्त्यांवर अशी चपखल बसली होती की जणू शहराने ती आजवर पदराखाली झाकून ठेवली होती.

भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक वृद्ध सभासद मात्र बराच वेळ चष्मा वरखाली करीत उभे होते. शेवटी ते म्हणाले, “अरे, हा किल्ला मुळात लांबट, अंड्याच्या आकाराचा. तुझ्या चित्रात तो भाकरीसारखा गोल कसा झाला?”

“काका, रुंदी जरा ओढून घेतली. नाहीतर रस्ते जुळत नव्हते.”

“जरा म्हणजे किती?”

तरुणाने पाहून सांगितले, “शेकडा अठरा.”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आजही उभ्या असलेल्या दिल्ली दरवाजावर बोट ठेवले. त्या ओढाताणीत दरवाजा आपली जागा सोडून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता. दगडी दरवाजा चालत नसतो. चालला होता तो आमचा थर.

ज्यास ही तरुण मंडळी ‘लेयर’ म्हणतात तो हा थर म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पारदर्शक कागदांची एक चळत कल्पावी. प्रत्येक कागदावर चित्राचा एकेक भाग आहे आणि वरून पाहणाऱ्यास सर्व मिळून एकच चित्र दिसते. ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याची लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे आपल्यापैकी अनेकांच्या आजोळच्या भिंतीवर होती. त्या चित्रांतील प्रत्येक रंगासाठी निराळा दगड असे. एका दगडावरून पिवळा, दुसऱ्यावरून तांबडा, तिसऱ्यावरून निळा, असे एकाच कागदावर एकामागून एक ठसे उमटत आणि मग देवीच्या गालावर कांती येई. कडेच्या खुणांशी खूण जुळली नाही तर ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. त्या कारागिरांपुढे एका दगडाचे माप बदलण्याचा प्रश्नच नव्हता. लहान चित्र हवे असेल तर सर्व रंग त्याच प्रमाणात लहान करावयाचे. युरोपातील छापखान्यांत यासाठी ताणलेल्या रबराच्या पडद्यावर चित्राचा ठसा घेत आणि पडदा सैल करून तो लहान करीत. पण तेथेही पडदा चारी बाजूंनी सारखाच सैल करावा लागे. सर्व थर एकाच शिस्तीने बांधलेले होते.

ही शिस्त संगणकाने सैल केली. फोटोशॉप नावाची चित्रसंस्काराची प्रणाली १९९० साली बाजारात आली. तीत प्रथम थर नव्हते. चित्रावर काही चिकटविले की ते त्यात कायमचे मुरून जाई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले, आणि चळतीतील एकच कागद उचलावा, सरकवावा, लहानमोठा करावा, बाकीच्यांस धक्काही लागू नये, अशी सोय झाली. पुढे गिंपसारख्या विनामूल्य प्रणालींनी ही सोय घराघरांत नेली. या प्रणालींत दोन आज्ञा शेजारी शेजारी असतात. एक संपूर्ण चित्राचे माप बदलते, दुसरी केवळ निवडलेल्या थराचे. नवशिका हटकून पहिलीवर बोट ठेवतो आणि सगळे चित्रच आक्रसले म्हणून घाबरतो. पण खरा धोका दुसरीत आहे. पहिलीत सर्वांवर सारखाच परिणाम होतो, म्हणून खोटे फारसे शिरत नाही. दुसरीत एकाच थराचे बाकीच्यांशी असलेले नाते बदलते, आणि ते किती बदलावे हे ठरविणारा केवळ आपला हात असतो.

या हातास आवर घालण्यासाठी लांबी व रुंदी यांच्यामध्ये साखळीची एक खूण ठेवलेली असते. साखळी जोडलेली असेल तर लांबी वाढविताच रुंदीही त्याच प्रमाणात वाढते. ती तोडली की दोन्ही मोकाट. फोटोशॉपमध्ये हाताने थर ओढताना प्रमाण राखावयाचे असेल तर पूर्वी एक कळ दाबून धरावी लागे. २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून प्रमाण राखणे हाच मूळ नियम झाला. आमच्या तरुण मित्राने साखळी तोडली होती. त्यात कपट नव्हते. रस्ते जुळावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

परंतु नकाशाच्या थराचे माप इच्छेने ठरत नाही, हिशेबाने ठरते. एक मैलास एक इंच या जुन्या मापाचा नकाशा म्हणजे जमिनीवरच्या ६३,३६० इंचांस कागदावर एक इंच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या दशमान नकाशांत हेच प्रमाण ५०,००० आहे. दोन्ही नकाशे सारख्याच बारकाईने संगणकात घेतले असतील, तर जुन्याचा थर नव्यावर बसविण्यासाठी तो शेकडा १२६.७२ इतका करावा लागतो. लांबी सव्वापटीहून किंचित अधिक होते, पण क्षेत्र मात्र १.६ पट होते. या हिशेबात शेकडा दोनची चूक झाली तर पाच मैलांच्या अंतरावर ५२८ फुटांचा फरक पडतो. ५२८ फुटांत एक तळे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत जाऊ शकते.

ही नुसती कल्पना नव्हे. आज ज्याला मॅजेस्टिक म्हणतात त्या बसस्थानकाच्या जागी धर्मांबुधी तळे होते. कंठीरव क्रीडांगणाच्या जागी संपंगी तळे होते. १८९६ साली हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले आणि शहरातल्या तळ्यांची गरज हळूहळू सरली. पुढे गावाने तळी गिळली. आता पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचते, तेव्हा जुने नकाशे बाहेर निघतात, नव्यांवर बसविले जातात आणि तळ्याची कड कोठे होती यावर वाद चालतात. आमच्या वाचकांपैकी किती जणांच्या मेजावर असले नकाशे येत असतील! त्यांवर टिपणी लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हा थर कोणत्या खुणांवरून लहानमोठा केला, आणि त्याची साखळी जोडलेली होती काय? जुना कागदही निर्दोष नसतो. दमट हवेत तो एका बाजूने अधिक आक्रसतो, घडीपाशी ताणला जातो. म्हणून लांबी-रुंदीत किंचित निराळे माप कधी कधी न्याय्य ठरते. पण ते खुणा मोजून ठरवावे लागते आणि लिहून ठेवावे लागते.

हे सारे बंगळूरात बसून लिहिताना एक गोष्ट आठवल्यावाचून राहात नाही. प्रमाणाची शपथ घ्यावी अशी ही भूमी आहे. विल्यम लॅम्टन याने दक्षिणेतील आपल्या त्रिकोणमापनासाठी पहिली आधाररेषा १८०० साली याच शहराच्या शिवारात मोजली. १८०२ साली त्याने मद्रासेस दुसरी रेषा मोजली, तेथून त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत तो पश्चिमेस आला, आणि १८०४ मध्ये बंगळूराजवळ पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजून पाहिली. सुमारे सात मैलांच्या त्या रेषेची हिशेबाने आलेली लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत काही इंचांचाच फरक निघाला. पण तेवढा फरकही त्याने झाकला नाही, नोंदविला. आधाररेषा खरी असेल तर सारा नकाशा खरा. ती खोटी असेल तर पुढचे सगळे त्रिकोण त्याच प्रमाणात खोटे. आमचा १७९१ चा आराखडा या मापनापूर्वीचा, युद्धाच्या धामधुमीत काढलेला. त्याला अधिक सांभाळून हाताळावयास हवे होते. आम्ही उलट केले.

काकांनी मग दुरुस्तीची रीत सांगितली. थर आधी अर्धपारदर्शक करावा. साखळी जोडावी. जुन्या व नव्या दोन्ही नकाशांत निश्चित ओळखू येणाऱ्या दोन खुणा घ्याव्या. दोड्डपेटे व चिक्कपेटे या रस्त्यांचा छेद ही एक. केंपेगौडांनी याच ठिकाणाहून चारी दिशांना बैल नांगरास जुंपून रस्ते आखले अशी परंपरा आहे. दिल्ली दरवाजा ही दुसरी. पहिली खूण टाचणीसारखी स्थिर धरून दुसरी जुळेपर्यंत थर फिरवावा व लहानमोठा करावा. “दोन खुणा माप ठरवितात,” काका म्हणाले, “तिसरी साक्ष देते.” तिसरी खूण म्हणून पेठेतील एका जुन्या रस्त्याचे वळण घेतले. ते काही यार्डांनी चुकले. तरुणाचा हात पुन्हा साखळीकडे वळला. “नको,” काका म्हणाले, “हे अंतर पुसू नकोस. फलकाच्या कोपऱ्यात लिही.”

दुसरी एक अडचण याच वेळी ध्यानात आली. तरुणाने आराखडा आधी बराच लहान करून पाहिला होता आणि नंतर तोच पुन्हा मोठा केला होता; त्यामुळे अक्षरे पुसट झाली होती. याचेही कारण साधे आहे. चार हजार ठिपके लांब व तितकेच रुंद चित्र हजारावर आणले, तर एक कोटी साठ लाख ठिपक्यांपैकी दहा लाख उरतात. सोळांतील पंधरा जातात. पुन्हा मोठे करू गेल्यास संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने नवे भरतो, गेलेले परत आणीत नाही. यावर उपाय म्हणून २००५ पासून फोटोशॉपमध्ये मूळ प्रत थराच्या पोटात जशीच्या तशी राखून ठेवण्याची सोय आहे. माप कितीही वेळा बदलले तरी प्रत्येक वेळी मुळावरूनच नवे रूप काढले जाते. इतिहासाच्या अभ्यासकास हे निराळे सांगावयास नको. मूळ कागद सोडून नकलेवरून नक्कल करणारा बखरकारही मधल्या जागा अशाच अंदाजाने भरतो.

आणि येथेच आमच्या खऱ्या चुकीवर प्रकाश पडला. थराचे माप दुरुस्त झाले, पण थराचे नाव? फलकावर ‘शहाजीराजांचे बंगळूर’ असे लिहिले होते आणि खाली आराखडा १७९१ चा होता. ज्या दगडी तटाकडे पाहून आमच्या माना ताठ झाल्या, तो तट हैदरअलीने १७६१ च्या सुमारास बांधविला. शहाजीराजांनी पाहिला तो केंपेगौडांचा मातीचा कोट. रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेबरोबर शहाजीराजे आले आणि हे ठाणे गौडांकडून घेतले गेले ते १६३८ साली. १६८७ मध्ये ते मोगलांनी घेतले आणि पुढे तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. म्हणजे मराठ्यांचा अंमल सरल्यावर १०४ वर्षांनी काढलेला आराखडा आम्ही त्यांच्या अंमलाचे चित्र म्हणून टांगणार होतो! एका उत्साही सभासदाने तर वेढ्याच्या जागी भगवी निशाणेही काढावयास सांगितली होती. पण कॉर्नवॉलिसने मार्च १७९१ मध्ये किल्ला घेतला तेव्हा हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा तेथे नव्हत्या. त्या त्याला मे महिन्याच्या अखेरीस श्रीरंगपट्टणच्या बाजूस मिळाल्या.

हे स्पष्ट झाल्यावर बैठकीत थोडी कुरबुर झाली. “मग दाखवायचे तरी काय?” असा प्रश्न निघाला. शहाजीराजांच्या काळचा शहराचा आराखडा आमच्या हाती नाही. चिक्कपेटेच्या भागात त्यांचा गौरीमहाल होता असे सांगतात. आज तो उभा नाही. काहींचे म्हणणे, उत्सवाचा फलक म्हणजे काही सरकारी दप्तर नव्हे. लोकांना अभिमान वाटावा एवढेच पुरे. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. परमुलखात मुले वाढवीत असलेल्या आईबापांना आपल्या पूर्वजांचे चित्र मोठे हवे असते, आणि ते का हवे असते हे आम्हांसही कळते. पण त्या उत्सवास शेजारची कानडी मंडळीही येतात. ज्यांच्या गावात आपण राहतो त्यांच्या नाडप्रभूंचा कोट पुसून त्यावर आपला थर ताणणे, हा अभिमान नव्हे. आणि आपल्या मुलास उद्या शाळेत कोणी ‘हा तट तर हैदरचा’ असे म्हटले, तर त्याने कोणत्या तोंडाने उत्तर द्यावे?

शेवटी काकांनीच हिशेब मांडला. केंपेगौडांनी शहर वसविले ते १५३७ साली. त्यास आता सुमारे ४९० वर्षे होत आली. मराठ्यांचा अंमल १६३८ ते १६८७, म्हणजे ४९ वर्षे. “फलक दहा फुटांचा आहे,” ते म्हणाले, “आपला भाग एक फूट.”

तसा फलक झाला. आरंभी, फलकाच्या मोजणीबाहेर, बेगूरच्या इसवी सन ८९० च्या सुमाराच्या वीरगळाचे चित्र आहे. त्यावर बंगळूर हे नाव केंपेगौडांच्या कितीतरी आधी कोरलेले आढळते. मग मातीचा कोट, मग आमचा एक फूट, त्यानंतर म्हैसूरकर, हैदर-टिपू, इंग्रजांची छावणी आणि आजचे अवाढव्य नगर. प्रत्येक थराखाली त्याचे साल आणि मूळ साधन लिहिले आहे. आमच्या एका फुटात जे आले ते मात्र पक्के आहे. मल्लेश्वरच्या काडु मल्लेश्वर देवस्थानास एकोजीराजांनी १६६९ साली मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याचा शिलालेख आहे. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये यांच्या चंपूकाव्याचे नाव आहे. ते राजवाड्यांनी संपादून मराठी वाचकांपुढे आणले, आणि त्या दरबारात किती भाषांचे कवी एकत्र बसत याची साक्ष त्यात मिळते. १६६४ साली राजांचा अंत झाला त्या होदिगेरे गावचीही नोंद आहे.

आणखी एक गोष्ट घडली. एक फुटाची मर्यादा घातल्यावर इतरांच्या थरांतही आपली माणसे सापडू लागली. पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी वळणाची बोली राखणारी भावसार कुटुंबे सापडली; गवीपुरमचा गोसाई मठ सापडला. ज्या आनंदराव चौकातून आपण रोज जातो, त्याला ज्यांचे नाव आहे ते टी. आनंदराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवराव यांचे चिरंजीव, १९०९ ते १९१२ पर्यंत म्हैसूरचे दिवाण. त्यांनी काही किल्ला घेतला नाही. परक्या दरबारात इमानाने चाकरी केली. आमच्या वाचकांचे खरे पूर्वज, कदाचित, तेच.

उत्सवाच्या दिवशी आमचा तरुण मित्र फलकापाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस माहिती देत होता. शेजारच्या एका कानडी वृद्धाने कोपऱ्यातली बारीक अक्षरे वाचून विचारले, “ही यार्डांची चूक मुद्दाम का लिहिली?” त्याने उत्तर दिले, “लिहिली नसती, तर बाकीचे तुम्ही खरे कशावरून मानले असते?” काका जवळच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा एकदाही वरखाली केला नाही.